चिंचेनं घासलेले बोल्ट

अयोध्याच्या हाताला चव नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सासरी तिची पहिली ओळख हीच झाली आणि पुढं कितीतरी वर्षं तेवढीच राहिली. रेणापूरकडची पोरगी, लग्न होऊन बिलोली तालुक्यातल्या ह्या गावात आली. पाचपरतावण उरकून चुलीपुढं बसली, तर पहिलंच वरण असं झालं की आलेल्या पाहुण्यांनी भाकरी नुसत्या ठेच्याशी खाल्ली. सासू नागुबाईनं पाहुण्यांसमोरच विचारलं, "तुझ्या आईनं तुला काय फक्त जेवायला शिकवलं का गं?" पाहुणे हसले. वैजनाथ, म्हणजे तिचा नवरा, तोही हसला. नव्या नवरीची बाजू घेण्याची आपल्याकडं पद्धत नाही ना!

मग नागुबाईनं तिला चुलीवरून उठवलं ते कायमचंच. "तू भांडी घास. तेवढं तरी जमतं का बघ."

ते मात्र जमलं. नुसतं जमलं नाही, तर अयोध्याच्या हातून गेलेलं तांब्या-पितळेचं भांडं असं दिसायचं, की दुकानातून आताच आणलंय. माहेरी तिची आई गावच्या देवळातल्या समया, घंटा, ताम्हणं घासायची. पोरगी तिच्या शेजारी बसून शिकली. चिंच कोळून लावायची, जरा मुरू द्यायची, मग राख आणि नारळाची शेंडी घेऊन अंगातलं बळ काढून घासायचं. चिंच मळ सोडवते आणि राख तो काढून नेते, एवढं तिचं शास्त्र. तिला दोन लेकरं झाली, ऋतुजा आणि सत्यम, ती शाळेत जायला लागली, तरी ह्या घरात तिचं कौतुक म्हणून कुणी केलं असेल तर ते न्हाणीजवळ पालथ्या घातलेल्या भांड्यांकडं बघूनच. तेही शेजारणींनी. नागुबाई म्हणायची, "भांडी खाऊन पोट भरत असतं तर लई बरं झालं असतं."

वैजनाथ पत्रे मारायचा. गोठे, शेळ्यांचे शेड, शेतातल्या खोल्या, रसवंतीचं छप्पर. पाइप वेल्डिंग करून सांगाडा उभा करायचा आणि त्याच्यावर पत्रे हुकानं आवळायचे. हूक म्हणजे एक वाकडा बोल्ट. त्याचं वाकडं तोंड खालून पाइपाला धरतं, सरळ शेंडा पत्र्यातून वर येतो, त्याच्यावर डांबरी वायसर आणि नट. पत्रा कितीही जाड घ्या, वाऱ्यात तो धरून ठेवतो हा बोटभर हूक. हूक गंजला की पत्रा सुटा. म्हणून उघड्यावरच्या हुकाला जस्ताचं कातडं लागतं. बाजारात ते दोन तऱ्हेचं मिळतं. एक चकचकीत, त्याच्यावर जस्ताचं नुसतं नावाला पाणी फिरवलेलं, ते दोन पावसाळे काढतं. दुसरा माल वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला. तो दिसतो राखाडी, खरबरीत, मळकट, पण लेकरं मोठी होईपर्यंत टिकतो. वैजनाथ नांदेडला पंचाक्षरीच्या दुकानातून हा दुसरा माल आणायचा. वैजनाथला आपल्या धंद्यातलं कळत होतं, हे ध्यानात ठेवा. त्याला कळत नव्हतं असं पुढं कुणी म्हणायला नको.

तर अर्जुनरावाचा गोठा निघाला. अर्जुनराव म्हणजे गावातली मोठी असामी, जमीनजुमला भरपूर, आणि तोंडाला लगाम नाही. सांगाडा उभा राहिला, पत्रे आले, वैजनाथनं हुकाची पिशवी उघडली. अर्जुनरावानं त्यातला एक हूक उचलून उन्हात धरला.

"वैजनाथ, हे भंगारवाल्याकडून उचललं का रे?"

"न्हाई मालक. गरम जस्तात बुडवलेला माल हाय. दिसायला असाच ऱ्हातो, पर गंजत न्हाई."

"बाकीच्याच्या गोठ्याला चकचकीत आन् माझ्या गोठ्याला असा मढ्यावानी? मला येडा समजून राहिलास का तू?"

"मालक, त्यो चकचकीतपणा नुसता वरवरचा..."

त्याला पुढं बोलू दिलं तर तो अर्जुनराव कसला. त्यानं पिशवी उचलली आणि सगळीच्या सगळी शेणखड्ड्यात रिकामी केली. चार माणसं बघत होती, ती दात काढून हसली. "उद्या चकचकीत आणून दाखव, न्हाईतर शिडी उचल आन् चालू लाग," एवढं बोलून तो चहा प्यायला आत गेला. वैजनाथ खड्ड्यात उतरला. कोपरापर्यंत हात शेणात घालून एकेक हूक वेचून काढला. बघणारे शेवटपर्यंत बघत उभे राहिले, कुणी एक हूक उचलून दिला नाही.

घरी येऊन त्यानं घमेलं अयोध्यापुढं आदळलं. "धुऊन ठेव," म्हणाला आणि न जेवता बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला. काय झालं ते अयोध्याला शेजारच्या बाईकडून कळलं. तिचा जीव तुटला. ह्या माणसानं तिची बाजू कधी घेतली नव्हती, तरीही तुटला. असतात अशा बाया, त्याला कुणी काय करणार? शेण धुतलं, आणि हूक तसेच मळकट राहिलेले बघून तिच्या मनात आलं, की चकचकीतच पाहिजेत ना? मग त्यात काय अवघड आहे?

तिनं चिंच कोळली. बादलीत हूक भिजत घातले. जराशानं बारीक फेस आला, पाणी दुधाळ राखाडी होत गेलं. किती मळ निघून राहिलाय बघा, असं तिला वाटलं आणि ती हरखली. मग राख घेऊन बसली. दुपार कलेपर्यंत एकेक हूक घासला, फडक्यानं कोरडा केला, गंज लागू नये म्हणून गोडेतेलाचं बोट फिरवलं. बोटांची सालटी निघाली. सूपभर हूक चांदीच्या जोडव्यासारखे लखलखायला लागले.

वैजनाथ उठून बाहेर आला. त्यानं एक हूक उचलला, अंगठा फिरवला. हाताला खरबरीत काही लागेना. मग बादलीत डोकावला. त्या राखाडी पाण्यात त्याचं सगळं जस्त होतं, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. ज्याच्यासाठी त्यानं भर माणसांत शेण उपसलं होतं, ते बायकोनं चिंचेनं सोलून काढलं होतं. अयोध्या त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती.

तो आता बोलेल, मग बोलेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याच्या डोळ्यापुढं अर्जुनराव होता.

"झाक झाले," तो म्हणाला. "लई झाक." आणि बादली स्वतः उचलून त्यानं परसात लिंबाखाली ओतली. ज्या माणसानं जेवलेलं ताट कधी उचललं नाही, त्यानं बादली उचलली. अयोध्याला काय वाटलं असेल! संध्याकाळी त्यानं नागुबाईच्या देखत सांगितलं, "आज हिनं माझी इज्जत राखली." नागुबाई काही बोलली नाही, आणि नागुबाईचं काही न बोलणं हीच ह्या घरातली मोठी गोष्ट होती.

अर्जुनराव खूश झाला. इतका खूश, की येणाऱ्या-जाणाऱ्याला गोठ्यात नेऊन वर बोट करून दाखवू लागला. "वैजनाथच्या बायकोनं हातानं घासलेत. एकेक बघा." मग काय विचारता! ज्याला त्याला तसलेच हूक हवे झाले. वैजनाथनंही हात धुऊन घेतले. गिऱ्हाइकाला सांगायचा, "माल नांदेडचा, गरम जस्तातला. वर घरी घासून देतो. टिकायला बी आन् दिसायला बी." दुसऱ्या कुणाकडं असं दोन्ही मिळत नव्हतं. मिळणार कसं? एकाला दुसऱ्यानं खाल्ल्याशिवाय ते होतच नव्हतं. मोटरसायकलला पिशव्या लटकावून तो यायचा, अंगणात टाकायचा, आणि म्हणायचा, "अयोध्ये, घास." ही पदर खोचून बसायची.

ते दिवस अयोध्याचे चांगले गेले, हे खोटं नाही. बोटांच्या चिरा भरायच्या आत नव्या पडायच्या, मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, पण गावात ती आता कुणीतरी होती. हळदीकुंकवाला बाया तिला जागा करून द्यायला लागल्या. नागुबाईसुद्धा चारचौघींत म्हणायची, "आमच्या सुनंच्या हाताला गुण हाय." चवीचं नावच निघेना.

आणि बबिता भेटली. बबिता अर्जुनरावाची सून, देगलूरची. बोलता बोलता मध्येच एखादा तेलुगू शब्द टाकायची आणि अयोध्याला अक्का म्हणायची. घरच्या झाडाची चिंच ओटीत घेऊन यायची, अयोध्याशेजारी बसून शिरा काढून द्यायची, आणि सासऱ्याच्या तोंडाळपणाच्या नकला करून तिला हसवायची. "अक्का, म्हशीची धार काढताना मी वर बघते," म्हणायची. "तुझे हूक दिसतात. तेवढंच त्या घरात बघण्यासारखं हाय." अयोध्याला ह्या गावात मैत्रीण अशी ही एकच. सासरी आलेल्या बाईला मैत्रीण मिळणं म्हणजे काय, हे सासरी गेलेलीलाच कळतं.

एक-दोन पावसाळे झाले. एक दिवस बबितानंच तिला गोठ्यात बोलावून वर दाखवलं. हुकांवर तांबूस पुटं आली होती आणि पत्र्याच्या आतल्या बाजूनं लाल ओघळ उतरले होते. आपलं काम वाईट दिसून राहिलंय, एवढंच अयोध्याच्या डोक्यात आलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, मालकाच्या गोठ्यातले हूक लाल कामून पडून राहिले?"

वैजनाथ जेवत होता. तेव्हा तरी त्यानं सांगायचं. अजून काही बिघडलं नव्हतं. हूक बदलता आले असते. पण बदलायचे म्हणजे का बदलायचे ते अर्जुनरावाला सांगायला लागलं असतं, आणि मग ज्यांच्या ज्यांच्या छपराला ते लागले होते त्या सगळ्यांना. त्यानं घास चावून गिळला आणि म्हणाला, "जनावराच्या मुतानं होतंय तसं. वर जाऊन पुन्हा घास."

मग अयोध्या शिडी लावून अर्जुनरावाच्या गोठ्यावर चढली. हातात चिंचेची वाटी, कमरेला राखेचं फडकं. खाली बबितानं शिडी धरली. दिवाळीच्या आधी त्या बाईनं गावातले असे कितीतरी गोठे घासून काढले. कुणाकडून काही घेतलं नाही. ज्यांच्यावर थोडंफार जस्त शिल्लक होतं, तेही तिनं असं मन लावून काढून टाकलं. लोक खालून म्हणायचे, काय बाई आहे! वैजनाथ रस्त्यानं जाताना तिला छपरावर बघायचा आणि म्हणायचा, "जपून. पडशील." बायकोची एवढी काळजी घेणारा माणूस गावात दुसरा नव्हता म्हणे.

फाल्गुनात एका दुपारी आभाळ काळं झालं आणि वादळ सुटलं. आपल्याकडं ते कसं येतं ते सांगायला नको. धूळ, मग वारा, मग गारा. बबिता म्हशी सोडायला गोठ्यात धावली. वरचे हूक एकामागून एक तुटत गेले, आतून कुजलेलेच होते. पत्र्याची अख्खी रांग उचलली गेली आणि त्यातला एक पत्रा फिरून खाली आला. बबिता दावं सोडत होती, उजवा हात पुढं होता. पत्र्याच्या धारेनं तो कोपराखाली जवळजवळ कापून काढला.

नांदेडला नेईपर्यंत हातात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी राहिलेला काढून टाकला. अयोध्या वादळातच धावत अर्जुनरावाच्या वाड्याकडं गेली होती, पण तोवर जीप निघून गेली होती. गोठ्यात रक्त होतं, म्हशी मोकळ्या हिंडत होत्या आणि चिखलात तुटलेले हूक पडले होते. तिनं एक उचलून घेतला. बोटांत दाबला तर त्याचा भुगा झाला.

दवाखान्यातून बबिता घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जुनराव वैजनाथच्या अंगणात आला. मागं निम्मं गाव. त्यानं मूठभर गंजके तुकडे वैजनाथच्या छातीवर फेकून मारले.

"तवाच म्हनलं होतं, भंगार हाय. माझ्या सुनेचा हात खाल्लास तू. आता केस करतो. तालुक्यात तुला कुणी खिळा ठोकायला बोलवणार न्हाई."

वैजनाथचा चेहरा राखेसारखा झाला. अयोध्या दारात उभी होती, तिला वाटलं आता हे लोक ह्याला मारतात. ती पुढं व्हायला निघाली. नवऱ्याला वाचवायला, बरं का.

वैजनाथ आत गेला आणि एक कोरा, मळकट हूक घेऊन आला. तो त्यानं अर्जुनरावाच्या हातात दिला. "मालक, माझा माल असा होता. चोख. गरम जस्तातला. आठवा, म्या तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही शेणात टाकला. म्या घरी आणून हिला म्हनलं, धुऊन ठेव. हिनं चिंच लावून घासला. चिंच जस्त खाते, मालक. सारं जस्त हिनं काढून टाकलं."

अर्जुनरावानं हुकावर अंगठा फिरवून बघितला.

"म्या धुवायला सांगितलं होतं," वैजनाथ पुन्हा म्हणाला. "घासायला न्हाई. विचारा हिला."

आणि हे खरं होतं. त्या पहिल्या दिवशी तो धुऊन ठेव एवढंच म्हणाला होता. अर्जुनराव वळला. "हाव का गं? तू घासलेस?"

जस्त म्हणजे काय हेही अयोध्याला धड माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की प्रश्न तिला विचारलाय आणि त्याचं उत्तर सगळं गाव जाणतं. "हाव," ती म्हणाली. "म्या घासले."

मोटरसायकलवरून पिशव्या कोण आणायचं, अयोध्ये घास असं कोण म्हणायचं, ते त्या अंगणातल्या प्रत्येकानं बघितलेलं होतं. दरवेळी. एकानं तोंड उघडलं नाही. उलट एकजण मागून म्हणाला, "आमच्या बी शेडाला हिचेच हूक हायत." दुसरा म्हणाला, "आमच्या बी." ज्यांनी तिला छपरावर बघून शाबासकी दिली होती, तेच. एका म्हातारीनं तिच्या पायाशी थुंकून दाखवलं. आणि नागुबाई ओट्यावरून उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ह्या हातात काही न्हाई म्हनून. वरण नासवलं, आता माणसाचा हात नासवला."

घरात आल्यावर अयोध्यानं नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला कवा कळलं?"

"काय?"

"चिंचेचं."

वैजनाथ बाजेवर बसला. आता घरात तिसरं कुणी नव्हतं, त्याला खोटं बोलायचीही गरज वाटली नाही. "बादलीत बघितलं तवाच."

"मंग बोलला कामून न्हाई?"

"अर्जुनराव खूश झाला. तू बी खूश होतीस. कशाला मोडता घालायचा?" आणि चप्पल काढत म्हणाला, "आता झालं ते झालं. माझं नाव गेलं तर घर कशावर चालणार? तुझं काय जातं? तुला कुठं गिऱ्हाइकं सांभाळायची हायत."

अयोध्याला रडू आलं नाही. तिला संताप आला, असा की दात दुखायला लागले, पण ह्या घरात संताप ठेवायला तिला कधी जागाच दिली नव्हती. ती तशीच उठली आणि तिनं लेकरांना बाहेरून बोलावून जेवायला वाढलं.

गावातल्या जाणत्या माणसांनी बसून मिटवामिटव केली. केस नको, पोलीस नको. पैसाअडका वैजनाथकडं नव्हता आणि अर्जुनरावाला त्याची गरज नव्हती. अर्जुनरावानंच तोड काढली. "माझ्या सुनेचा उजवा हात गेला. घरातलं काम कोण करणार? जिच्यामुळं गेला तिनं यावं. रोज. बबिता जिवंत हाय तवर." बैठकीत सगळ्यांना हे रास्त वाटलं. वैजनाथला विचारलं, तो म्हणाला, "येईल की." अयोध्याला विचारलं नाही. ती बैठकीत नव्हतीच.

तेव्हापासून अयोध्या सकाळी लेकरांना शाळेत धाडून अर्जुनरावाच्या वाड्यात जाते. धार काढते, शेण काढते, धुणं धुते, आणि न्हाणीजवळच्या दगडावर बसून त्या मोठ्या घरातली ढीगभर भांडी घासते. दुपारी तिला भाकरी मिळते, ओसरीबाहेर. ऋतुजाला शाळेत पोरी विचारतात, तुझ्या आईनं हात तोडला ना गं?

बबिता समोर बाजेवर बसून असते. सासऱ्यानं बसवलेली, काम नीट होतं का बघायला. तोडलेला हात पदराखाली असतो. पहिले कितीतरी दिवस ती अयोध्याशी एक शब्द बोलली नाही. मग बोलली ती ह्या कोपऱ्यात झाड, त्या कपड्याला पीळ दे, एवढंच. अक्का हा शब्द तिनं पुन्हा तोंडातून काढला नाही. अयोध्याला गावाच्या थुंकण्याचं, सासूच्या बोलण्याचं एवढं काही वाटत नव्हतं. हे मात्र तिला आतून खात होतं. तिला वाटायचं, एकदा बबिताला खरं सांगावं. मी जाणून केलं नाही, जाणत होता तो दुसराच. हे एका बबिताला कळलं, तर बाकी सगळं सोसेन. रोज येताना ती मनाशी शब्द जुळवायची आणि रोज न बोलता परत जायची.

पावसाळ्याच्या तोंडावर अर्जुनरावानं गोठ्यावर नवे पत्रे टाकायला काढले. टाकायला कोण? वैजनाथ. ह्या वेळी हूक राखाडी, खरबरीत, जसे नांदेडहून आले तसे. अर्जुनराव त्यातला एक हातात घेऊन पाहुण्यांना दाखवत होता, "दिसण्यावर जाऊ नका. गरम जस्तातला माल हाय. चिंच तेवढी लागू द्यायची न्हाई." पाहुणे हसले. वर वैजनाथ नट आवळत होता, तोही हसला.

खाली अयोध्या भांडी घासत होती. वरचं ते हसणं कानावर आलं आणि आज तिच्यानं राहवलं नाही. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं.

"बबिता," ती हळू आवाजात म्हणाली, "मला ठाव नव्हतं गं. तेला ठाव होतं. पहिल्या दिवसापासून. बादलीतलं पाणी बघूनच तेला कळलं होतं. तरी तेनं मला घास म्हनून सांगितलं. लाल पडले तवा बी म्या विचारलं, तरी घासच म्हनला. आपल्या गळ्याची आण, खरं सांगून राहिले."

बबिता तिच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. अयोध्याला क्षणभर वाटलं, आता ही उठून जवळ येईल.

"ठाव हाय की," बबिता म्हणाली.

"तुला?"

"मला, सासऱ्याला, साऱ्या गावाला. पिशव्या तोच आणत होता. तो धंदा करणारा माणूस, तेला कळलं नसंल का?"

"मंग," अयोध्या म्हणाली, "कुणी बोललं कामून न्हाई? तू बी?"

बबितानं डाव्या हातानं पदर सारखा केला. "आता पाऊस तोंडावर आला. पत्रे कोण मारणार मंग? आसपासच्या गावांत तो एकटाच हाय. भांडी घासणाऱ्या घरोघर हायत." मग पायानं एक कळशी तिच्याकडं सरकवली. "हिचा तळ राहिला."

अयोध्यानं कळशी ओढून घेतली. तळ घासला, आतून विसळली, पालथी घातली. तेवढ्यात वरून वैजनाथनं पाणी मागितलं. अर्जुनराव ओसरीवरून ओरडला, "अयोध्ये, वर पाणी दे." तिनं हात पुसले, तांब्या भरला आणि शिडी चढून वर गेली. वैजनाथनं तिच्याकडं न बघता तांब्या घेतला, घटाघटा प्यायला, आणि रिकामा तांब्या तिच्या हातात देऊन पुढचा हूक उचलला.